बसच्या काचेतला युरोप

ग्रुप टूरमध्ये युरोप नुसता बसच्या काचेतून दिसतो, असं तुम्ही लिहिलंत, ते निम्मं पटलं. आमचीही पहिलीच वारी. पॅरिसहून स्वित्झर्लंड गाठताना अख्खा दिवस बसमध्ये गेला. पण मला त्या बसचीच गंमत वाटली. तिथे साडेचार तास गाडी हाकली की ड्रायव्हरला ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि सगळी नोंद टॅकोग्राफवर, म्हणजे गाडी किती वेळ चालली ते टिपणाऱ्या यंत्रावर होते. आमच्यातले एक काका "पाच मिनिटांनी काय बिघडतंय" म्हणत कॉफी पीत बसले, तर ड्रायव्हरने काही न बोलता घड्याळावर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी काका सगळ्यांच्या आधी सीटवर!

स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीत मात्र मधे काच नव्हती. ३,४५४ मीटर उंची. दोन जिने भराभर चढले नि धाप लागली. (हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.) समोर आलेत्श हिमनदी पांढऱ्या रस्त्यासारखी लांबवर वळत गेलेली. सगळे गप्प. तेवढ्यात शेजारच्या मावशींनी पर्समधून दशमी-चटणी काढली. त्या थंडीत ती काय लागली म्हणून सांगू!

व्हेनिसला जेमतेम दोन तास म्हणजे थट्टाच, ते तुमचं शंभर टक्के खरं.