कुत्र्याने उंदराच्या औषधाची वडी खाल्ली, पण त्रास काहीच दिसत नाही

प्रश्न:
लॅब्रॅडॉर, वजन २४ किलो. तासाभरापूर्वी कपाटामागची वडी खाल्ली. पाकिटाच्या तुकड्यावर ‘ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के’ एवढंच वाचता येतंय. कुत्रा मजेत आहे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू, की वाट बघू?

प्रतिसाद १:
दोन्ही नको. मिठाने रक्तातलं सोडियम वाढून फिट येऊ शकते. आणि मजेत आहे यावर जाऊ नका. हे औषध रक्त गोठवणारे घटक तयार होऊ देत नाही. अंगातला आधीचा साठा संपेपर्यंत कुत्रा ठणठणीत दिसतो. साधारण ३ ते ५ दिवसांनी धाप, पांढुरक्या हिरड्या, खोकला, काळी शी. तोवर बऱ्याचदा छातीत रक्त साचलेलं असतं.

लगेच डॉक्टरांकडे निघा. एवढ्या लवकर पोचलात तर इंजेक्शनने उलटी काढता येते. पाकीट सोबत न्या. किती खाल्लं ते ग्रॅममध्ये सांगा (०.००५ टक्के म्हणजे ग्रॅमला ०.०५ मिलिग्रॅम), नक्की माहीत नसेल तर जास्तीत जास्त धरा. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही न्या, वडी कोणी किती खाल्ली हे कळत नाही.

प्रतिसाद २:
उतारा आहे: व्हिटॅमिन के१. के३ चालत नाही, गोळी घेताना नीट बघा. डोस डॉक्टरच ठरवतील. सहसा किलोमागे रोज २.५ ते ५ मिलिग्रॅम, ३-४ आठवडे, स्निग्ध खाण्यासोबत, म्हणजे नीट शोषलं जातं. बरा दिसतो म्हणून मध्येच गोळ्या थांबवल्या की घात होतो, कारण विष यकृतात आठवडे टिकतं. शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्ताची पीटी तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी) करायचीच. आज केलेली पीटी नॉर्मलच येईल, तिच्यावर निर्धास्त होऊ नका.

प्रश्नकर्ता:
निघालो. वाटेत थोडं दूध पाजू का?

प्रतिसाद ३:
नको. दुधाने विष उतरत नाही. पाकिटावर ‘झिंक फॉस्फाइड’ (उंदरांचं दुसरं एक विष) असतं तर खाऊ घालणं उलट घातक, कारण पोटातल्या आम्लाशी मिळून त्याचा फॉस्फीन वायू होतो आणि जेवणाने आम्ल वाढतं. ते खाल्लेला कुत्रा नेताना गाडीच्या काचा खाली ठेवायच्या, उलटी उघड्यावर, आणि तोंड जवळ न्यायचं नाही; वायू माणसालाही बाधतो. त्याला उतारा नाही. ब्रोमेथॅलिन या उंदरांच्या आणखी एका विषालाही नाही, तिथे के१ निरुपयोगी. म्हणून वडीच्या रंगावरून औषध ओळखायला जाऊ नका, नाव वाचा.