अमेरिकन क्लायंटची ड्रग टेस्ट आणि होळीची भांग

ऐरोलीकर: महापेच्या एका कंपनीची ऑफर आलीय, क्लायंट अमेरिकेचा म्हणून जॉइनिंगआधी युरिन टेस्ट. होळीला थंडाईतनं भांग घेतलेली, ग्लासभरच, त्याला बारा दिवस झाले. भांग चालते ना कायद्यात? तरी झोप नाही राव.

घोडबंदरचा ट्रॅफिक: १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळंवाले शेंडे, नुसती पानं त्यात येत नाहीत म्हणून भांग सुटते. पण मशीनला कायदा कळत नाही, नशा आणणारं टीएचसी दोन्हीत तेच. एकदाच घेतली तर साधारण तीन-चार दिवसांत जातं, रोजवाल्यांचं महिनाभरही दिसतं.

वाशीची ताई: गंमत बघ, गॅलप या अमेरिकन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ७० टक्के अमेरिकन गांजा लीगल करायच्या बाजूने. कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून लघवीतल्या जुन्या अंशावरून बहुतेक नोकऱ्या नाकारताच येत नाहीत, आणि इथे आपली पोरं बाटली घेऊन रांगेत. माझ्या नवऱ्याच्या वेळी नळ बंद, कमोडमध्ये निळं पाणी, बाहेर माणूस उभा, अर्धा तास होईना बिचाऱ्याला.

घोडबंदरचा ट्रॅफिक: ते सगळं कुणी लघवीत पाणी मिसळू नये म्हणून. पण ड्रायव्हर, पायलट यांची टेस्ट हवीच हां.

ऐरोलीकर: उद्या सकाळी कोपरखैरण्याला लॅब. आईला सांगितलंय शुगर चेक करतायत.