'लीबेलाय' (१९३३): ऑफुल्सची शैली नेमकी कुठे दिसते?

पडदानशीन: दिग्दर्शक मॅक्स ऑफुल्सचा 'लीबेलाय' पाहिला. त्याच्याच 'ला रोंद' (१९५०) मध्ये कॅमेरा सतत तरंगत असतो, तसा इथे फारसा दिसला नाही. मग याला ऑफुल्सचा पहिला खरा सिनेमा का म्हणतात? शेवट सांगितलात तरी चालेल.

रीळवाला: फिरता कॅमेरा शोधत बसलात तर निम्मा सिनेमा हातून निसटेल. इथे खरी कमाल आवाजाची आहे. द्वंद्वयुद्धाचाच प्रसंग घ्या. नायक फ्रिट्झचं बॅरनच्या बायकोशी प्रकरण होतं; अपमान बॅरनचा झालाय, म्हणून पहिली गोळी त्याची. आपल्याला फक्त तिचा आवाज येतो. आता फ्रिट्झची पाळी, म्हणजे दुसरी गोळी झाडली जायलाच हवी. बाहेर थांबलेल्यांबरोबर आपणही कान टवकारतो आणि ती काही येत नाही. फ्रिट्झ गेला, हे त्या शांततेतूनच कळतं. प्रेत दाखवलं असतं तर नुसता धक्का बसला असता. इथे जीव टांगणीला लागतो.

मग फ्रिट्झची प्रेयसी क्रिस्टीन हिला बातमी कळते तेव्हा कॅमेरा ती भूमिका करणाऱ्या माग्दा श्नायडरच्या चेहऱ्यावरून हलत नाही. हलवायचा कधी आणि रोखायचा कधी, दोन्ही ठरवलेलं.

तिसरी घंटा: सहमत, पण कॅमेरा अगदीच बसून नाही हो! रिकाम्या कॅफेत यांत्रिक वाद्यावर फ्रिट्झ आणि क्रिस्टीन नाचतात तिथे पाहा. शिवाय बर्फातली घसरगाडी. तिथल्या प्रेमाच्या शपथा शेवटी त्याच बर्फाळ रानावर पुन्हा ऐकू येतात, माणसं मात्र नाहीत. छायाचित्रकार फ्रान्झ प्लानर. ऑफुल्सचा 'लेटर फ्रॉम अ‍ॅन अननोन वुमन' (१९४८) त्यानेच चित्रित केला. दोन्ही लागोपाठ पाहिलेत तर पुढची वाट कुठून फुटली ते कळेल.

'लीबेलाय'चं मूळ नाटक ऑस्ट्रियन नाटककार श्निट्झलरचं, 'ला रोंद'चंही त्याचंच. हे सोपं सूत्र बहुतेक जण विसरतात.

रीळवाला: श्रेयनामावली बघताना एक ध्यानात ठेवा. बर्लिनला सिनेमा लागला मार्च १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर. ऑफुल्स ज्यू, तो त्याच सुमारास देश सोडून गेला आणि ज्यूंची नावं जर्मनीतल्या प्रतींतून काढली गेली. त्यामुळे एखाद्या प्रतीत दिग्दर्शकाचं नाव नसेल तर तो छपाईचा दोष समजू नका.

पडदानशीन: १९५८ चा 'क्रिस्टीन' याचाच रिमेक ना?

तिसरी घंटा: हो. त्यात माग्दाची मुलगी रोमी श्नायडर आईच्याच भूमिकेत आहे. रंगीत आहे, देखणा आहे. पण आधी हा पाहा.