‘बाह्यक’ आत कसं?

शाईपेन: जीवाणूंच्या एंडोस्पोरची (अंतर्बीजाणू, म्हणजे वाईट काळात तग धरायला पेशीच्या आत तयार होणारं टणक रूप) आकृती मराठीत करतेय. मधे गाभा, त्याभोवती कॉर्टेक्स, त्यावर कोट. काळपुळीच्या जीवाणूत त्याहीवर सैलसर, केसाळ एक्झोस्पोरियम. कॉर्टेक्सला ‘बाह्यक’ म्हणतात. मूत्रपिंडात ठीक, पण इथे बाह्यक कोटाच्या आत! मुलं बाण उलटे काढतील. काय लिहू?

शुद्धमती: बाह्यकच. लॅटिनमध्ये कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल, तीही आतच बसवलीय ना नाव देणाऱ्यांनी? ‘कॉर्टेक्स’ लिहिलंत तर उद्या गाभ्याचाही ‘कोर’ होईल.

चष्मिष्ट: वनस्पतिशास्त्रात खोडाच्या कॉर्टेक्सला ‘मध्यत्वचा’ म्हणतात. ते का नको?

शुद्धमती: पेप्टिडोग्लायकनच्या (जीवाणूंच्या पेशीभित्तीतलं द्रव्य) जाळीला त्वचा म्हणायचं?

जुना_मास्तर: मला ‘बीजाणू’च खटकतो. इथे एका पेशीचा एकच होतो, रुजला की पुन्हा एकच पेशी. वंशवाढ कुठाय? ही नुसती दडी. मॅलाकाइट ग्रीनला वाफ देऊन रंगवायचो, तांबड्या पेशीत हिरवा ठिपका दिसायचा. पोरं त्याला ‘मूग’ म्हणत. तोच शब्द बरा!

गुरांचा_डॉक्टर: फऱ्या रोगानं मेलेलं जनावर उघड्यावर फाडू नका, खोल पुरा, हे गावात सांगताना ‘बीजाणू’ म्हटलं की माणसं जांभया देतात. ‘मातीत वर्षानुवर्षं बी राहतं’ म्हटलं की लगेच कळतं. म्हणून बीज राहू द्या. धनुर्वाताचा जीवाणू बघितलायत? टोकाला गोल गाठ, थेट ढोलाचं टिपरू.

आगरातला: एवढा घोळ कशाला, नारळ घ्या. एक्झोस्पोरियम म्हणजे सोडण, कोट करवंटी, कॉर्टेक्स खोबरं.

शाईपेन: आणि गाभा म्हणजे पाणी? अहो, तोच सगळ्यात कोरडा! कॉर्टेक्स त्याला कोरडा ठेवतं, शिवाय आत कॅल्शियम नि डायपिकोलिनिक आम्ल. म्हणून तर नुसतं उकळून भागत नाही, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश लागतात.

आगरातला: मग गोटा खोबरं म्हणा. पाणी आटलेलं.

माजघर: सोडण म्हणजे काय? आमच्या देशावर नारळाची शेंडी फक्त.

आगरातला: शेंडी देवापुढच्या नारळाला! सोलून निघतं ते सोडण. बंबात घालायचो.

शुद्धमती: ‘सोडणे’पासून असणार, सोडवलेलं ते सोडण.

जुना_मास्तर: मुळीच नाही, सोलण्यातलंच ते. ल चा ड झालाय.

शाईपेन: उद्या आकृती द्यायचीय हो. मध्यत्वचा लिहू का?

माजघर: बंबात सोडण धुरकट जळतं की चांगलं?