मदत हवी आहे: कनेक्शन्समधला जांभळा गट

न्यूयॉर्क टाइम्सचं कनेक्शन्स हे शब्दकोडं रोज सोडवणारं इथे कोणी आहे का? 16 शब्द, काहीतरी समान धागा असलेले चार-चारचे चार गट, चार चुका झाल्या की खेळ संपला. सोप्याकडून अवघडाकडे गटांचे रंग पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. पिवळा, हिरवा जमतो. निळ्यापर्यंत कशीबशी पोचते. जांभळा मात्र उरलेल्या चार शब्दांतून आपोआप पडतो आणि ते मला फार खटकतं. सोडवल्याचं समाधानच मिळत नाही.

काल आईसाठी मराठीत एक कोडं रचलं. त्यातला जांभळा गट होता कोल्हा, सोला, कान, बदला. आईने कोल्हा लगेच ससा-हरणाशेजारी ठेवला, सोला नेला चिरा-किसा-वाटाकडे, कान गेला नाक-डोळ्यांत. 'बदला' एकटाच उरला. त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "अगं, बदलापूर!" मग बाकीचे तिन्ही पटापट आले.

म्हणजे कुठेच न बसणारा शब्द आधी धरायचा का? की पिवळा काढून मोकळं व्हायचं? फायर, हाऊस, ड्रॅगन, बटर यांच्यापुढे 'फ्लाय' लागतं हे तुम्हाला कशावरून सुचतं? तुमची पद्धत जरा सविस्तर सांगा, प्लीज. आणि 'पूर'सारखे मराठी गट सुचले तर तेही हवेत, आईला रोज एक कोडं द्यायचं कबूल केलंय.