तातडीने मदत हवी: आईबाबांसाठी बिझनेस क्लास, सीट खरंच सपाट होते का?

वारसिया_रिंगरोड
आईबाबांना बडोद्याहून ताईकडे टोरांटोला पाठवायचंय. एजंटने आज रात्री बारापर्यंत भाडं धरून ठेवलंय. आम्ही दोघा भावंडांनी पैसे जमवलेत, ते वाया जायला नकोत. यूट्यूबवर सगळे शॅंपेन आणि जेवणाची ताटंच दाखवत बसतात. मला एवढंच कळायला हवं: सीट पूर्ण आडवी होते का, आणि सत्तरीतल्या माणसाला त्यावर झोप लागते का? स्वतः प्रवास केलेल्यांनीच सांगा.

फतेगंजकर
कुठली एअरलाईन? विमान कुठलं? मध्ये कुठे बदलणार? काहीच लिहिलं नाहीत.

वारसिया_रिंगरोड
बिझनेस क्लास सगळीकडे सारखाच असणार ना? एमिरेट्स, अहमदाबादहून दुबई, तिथून टोरांटो. घाई आहे हो.

फतेगंजकर
अजिबात सारखा नसतो, एकाच कंपनीतही नसतो. एमिरेट्सच्या जुन्या बोइंग ७७७ विमानांत बिझनेसच्या सीट एका ओळीत २-३-२ अशा आहेत, म्हणजे एकजण दोघांच्या मध्ये अडकतो. नव्याने बदललेल्या ७७७ मध्ये १-२-१. अहमदाबादला २०२५ पासून त्यांचं ए३५०सुद्धा येतं, तेही १-२-१. पण हा टप्पा तीनेक तासांचा, त्याची फिकीर सोडा. खरा प्रश्न दुबई-टोरांटोचा, जवळपास १४ तास. तिकिटावर त्या टप्प्यापुढे विमान कुठलं लिहिलंय ते बघा.

वारसिया_रिंगरोड
ए३८० लिहिलंय.

सयाजीगंजची_मावशी
मग माझा अनुभव उपयोगी पडेल, मी त्याच विमानाने मुलाकडे जाते. बिझनेस वरच्या मजल्यावर असतो, १-२-१. सीट पूर्ण सपाट होते, उतरती राहत नाही. वर अंथरायला पातळ गादी देतात, ती मागून घ्या, कारण नुसत्या सीटचे सांधे पाठीला लागतात. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. पाय पुढच्या सीटच्या बाजूच्या टेबलाखालच्या खोबणीत जातात. पाठीवर निजलं की पावलं नीट बसतात, कुशीवर वळायला गेलं की गुडघा वरच्या कडेला आपटतो. मला झोप लागते, पण कूस बदलताना दर वेळी जाग येते. आणि सर्वात मागच्या ओळी घेऊ नका, मागे बार आहे, तिथे रात्रभर गप्पा चालतात.

रावपुरा_६८
एवढा खर्च कशासाठी? प्रीमियम इकॉनॉमी घ्या. सीट रुंद, पायाला जागा, भाडं बरंच कमी. उरलेल्या पैशात आईबाबा तिकडे नायगरा बघून येतील. मी नेहमी तेच सुचवतो आणि कोणाची तक्रार आलेली नाही.

सयाजीगंजची_मावशी
काका, प्रश्न आडवं होण्याचा आहे. प्रीमियम इकॉनॉमीची सीट मागे कलते, सपाट होत नाही. १४ तास अर्धवट बसून काढल्यावर दुसऱ्या दिवशी नायगरा कोण बघणार?

रावपुरा_६८
आमच्या पिढीने इकॉनॉमीत बसूनच अमेरिका पाहिली. सवयीचा प्रश्न आहे.

अलकापुरी_टॅक्स
सुपर व्हिसा (कॅनडात राहणाऱ्यांच्या आईबाबांसाठीचा) काढताय की साधा? सुपर व्हिसाला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. आधी ते बघा.

वारसिया_रिंगरोड
व्हिसा झालाय, तो प्रश्नच नाही. मावशी, खूप उपयोगी सांगितलंत. पण गुडघा आपटतो हे वाचून काळजी वाटायला लागली. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं रिप्लेसमेंट झालंय.

फतेगंजकर
हे आधी सांगायला हवं होतं! ऑपरेशन कधी झालं?

वारसिया_रिंगरोड
गेल्या दिवाळीनंतर. चालते व्यवस्थित, जिने चढताना त्रास होतो. ऑपरेशनचा इथे काय संबंध?

कारेलीबाग_फिजिओ
संबंध आहे. सांधा बदलल्यानंतरचे साधारण तीन महिने लांबच्या विमानप्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. तो काळ तुमचा उलटून गेलाय, तरी सर्जनला एकदा विचारा. आणि इथे सगळे सीटच्या सपाटपणावर भांडताहेत, पण सपाट सीटने गुठळीचा धोका जात नाही. आठ तास एका जागी निजून राहिलं तरी रक्त साचतंच. त्यांना दीड-दोन तासांनी उठवा, केबिनमध्ये फेरी मारायला लावा, बसल्या जागी पावलं वर-खाली हलवायला सांगा. बिझनेसचा खरा फायदा हाच की शेजाऱ्याला न उठवता बाहेर पडता येतं. काही कंपन्यांच्या जुन्या २-२-२ मांडणीत तेही नसतं. खिडकीजवळच्या माणसाला झोपलेल्याचे पाय ओलांडावे लागतात, कृत्रिम गुडघ्याने ते जमत नाही. पायाच्या खोबणीसाठी पहिली ओळ बघा. पुढे सीट नसल्याने तिथे पावलांना बहुधा जागा जास्त मिळते.

दांडियाबाजार_नाका
अहमदाबाद कशाला, मुंबई बरी. तिथून पर्याय किती आहेत!

फतेगंजकर
गुडघे दुखणाऱ्या माणसाला मुंबईपर्यंत चारशे किलोमीटर न्यायचं? अहमदाबाद एक्सप्रेसवेने दोन तासांत.

दांडियाबाजार_नाका
रात्रीच्या गाडीने झोपून जायचं. पहाटे मुंबई.

फतेगंजकर
आणि मग सामान घेऊन स्टेशन ते विमानतळ. कृपया मूळ प्रश्नावर या.

अलकापुरी_टॅक्स
मूळ प्रश्नावरच येतो. ऐनवेळी विमान बदललं आणि खालच्या वर्गात बसवलं तर? भारतातून निघणाऱ्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतूक नियामकाचा, १५ फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम आहे. १५०० किमीपर्यंत तिकिटाच्या ३० टक्के, ३५०० पर्यंत ५०, त्यापुढे ७५ टक्के परत, करांसकट. पण सीट बिघडली तर हा नियम लागत नाही. तेव्हा विमानातच कर्मचाऱ्यांकडून लेखी नोंद घ्या, फोटो काढा. २०२४ मध्ये हैदराबादच्या ग्राहक आयोगाने बिझनेसची सीट झुकत नव्हती म्हणून प्रवाशांना दोन लाखांहून अधिक द्यायला लावले होते.

वारसिया_रिंगरोड
सीटचा नकाशा उघडलाय. पहिल्या ओळीतल्या मधल्या दोन रिकाम्या आहेत, पण दोन सीटच्या मध्ये टेबल दिसतंय. बाबांना आईचा हात धरता येणार नाही. आठव्या ओळीत अगदी शेजारी-शेजारी मिळताहेत.

सयाजीगंजची_मावशी
पहिली ओळ घ्या. मधल्या दोघांतला पडदा खाली करता येतो. आईची झोप महत्त्वाची.

कारेलीबाग_फिजिओ
माझंही तेच मत. बाबा उठून आईजवळ येऊ शकतात. आणि व्हीलचेअर आत्ताच सांगा. जिना चढता येत नसेल तर एजंटला तिकिटात डब्ल्यूसीएचएस हा व्हीलचेअरचा कोड टाकायला लावा. नुसतं डब्ल्यूसीएचआर टाकलं की ते धरून चालतात की माणूस जिना चढू शकतो, आणि विमान टर्मिनलच्या ब्रिजला न लागता दूर उभं राहिलं तर आईला पायऱ्यांसमोर आणून सोडतील.

वारसिया_रिंगरोड
सीट घेतल्या. एजंट म्हणतो व्हीलचेअर विमानतळावर मिळेल, आत्ता टाकायची गरज नाही. त्याला परत फोन लावतोय.