अकरावी आर्ट्स: स्कोअरिंग विषय घ्यायचे की कामाचे?

गोदाकाठ
भाची अकरावी आर्ट्सला चाललीय, स्वतःहून, घरच्यांचीही ना नाही. पण विषय भरायच्या वेळी कॉलेजात सांगितलं की भूगोल कशाला घेताय, प्रॅक्टिकल असतं, जर्नल लिहावं लागतं, त्यापेक्षा समाजशास्त्र टाका, राज्यशास्त्र टाका, स्कोअरिंग आहे, सगळ्या मुली तेच घेतात.

मला हे अजिबात पटलेलं नाही. माझं मत, भूगोल आणि अर्थशास्त्र सोडायचं नाही म्हणजे नाही. बारावीचा भूगोल उघडून बघा, लोकसंख्या, मानवी वस्ती, भूमी उपयोजन, शेती, उद्योग, सगळं आपल्या आजूबाजूचंच आहे. आणि ज्या प्रॅक्टिकलला पोरं घाबरतात तिथेच खरी मजा आहे. टोपोशीट म्हणजे भूभागाचा तपशीलवार नकाशा समोर ठेवला की समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) जिथे दाटीने येतात तिथे चढ उभा, जिथे लांब लांब जातात तिथे उतार सौम्य, मग गाव त्या बाजूलाच का वसलं, रस्ता वळसा घालून का गेला हे पोरगी स्वतः सांगू शकते. हे गाईड पाठ करून येत नाही.

चष्मेवाली
भूगोलाबद्दल मान्य, पण स्कोअरिंगला एवढं तुच्छ लेखू नका हो. इंग्रजी, दुसरी भाषा आणि चार ऐच्छिक विषय, ६०० मार्कांची बारावी. आमच्याकडे मुलीला चांगले टक्के पडले तरच पुढे शहरात हॉस्टेलला ठेवतात, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. तिच्यासाठी ते टक्के म्हणजे घराबाहेर पडायचं तिकीट आहे.

आणि समाजशास्त्र म्हणजे सोपा विषय हे कुणी ठरवलं? मुंबई विद्यापीठात १९१९ पासून हा विभाग आहे, समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये तिथलेच, पुण्याला डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे. जात, कुटुंब, लग्न, स्थलांतर यावर नीट विचार करायला शिकवणारा विषय सोपा कसा? शिकवणारे नोट्स डिक्टेट करून मोकळे होतात त्याला विषय काय करणार.

खडू_फळा
तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजला शिकवतो म्हणून लिहितोय. तुमचं दोघांचं भांडण शहरातलं आहे. इकडे मुलांना निवड नसतेच, कॉलेजकडे ज्या विषयाचे शिक्षक तेच विषय. मानसशास्त्र घ्यायचंय म्हणून विचारणारी मुलं दरवर्षी येतात आणि परत जातात. एखाद्या विषयाला तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, शिक्षक नेमले जातात, तेही कधीकधी अर्ध टर्म गेल्यावर, तोवर वर्ग रिकामा. म्हणून विषय कोणता यापेक्षा आधी हे विचारा की शिकवणार कोण आणि जूनपासून शिकवणार का.

दिल्लीत_सध्या
एक मुद्दा कुणीच काढला नाही, गणित. आर्ट्सला गणित घेता येतं हे कित्येकांना माहीतच नसतं, पुस्तकावरच लिहिलंय की कला आणि विज्ञान शाखेसाठी. दिल्ली युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्स ऑनर्सला मॅथ्स लागतंच, आणि २०२२ पासून अ‍ॅडमिशन सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर आहे, बारावीच्या टक्क्यांची मेरिट नाही. म्हणजे स्कोअरिंगवाला हिशोब तिथे कामाचाच नाही. उलट पाच वर्षांच्या लॉला बारावी कुठल्याही शाखेची चालते, राज्यशास्त्र असायलाच पाहिजे असं काही नाही. त्यामुळे पुढे काय करायचंय याचा थोडा तरी अंदाज घ्या आणि मग विषय टाका.

पेठेतला_अभ्यासू
एमपीएससी करायची असेल तर इतिहास राज्यशास्त्र डोळे झाकून घ्या. राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झालीय, वैकल्पिक विषयालाच ५०० मार्क आहेत, आत्तापासून पाया पक्का झाला तर बरं.

खडू_फळा
सोळा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आत्तापासून राज्यसेवा ठेवू नका हो. आणि तो वैकल्पिक विषय अकरावीत घेतलेलाच असावा अशी काही अट नाही. भूगोलवाला तिथे समाजशास्त्र घेऊ शकतो.

गोदाकाठ
@खडू_फळा शिकवणार कोण हे उद्याच जाऊन विचारतो, हे डोक्यातच नव्हतं आलं. @चष्मेवाली टक्क्यांचं समजलं, पण टक्के भूगोलातही पडतात की, २० मार्कांचं प्रॅक्टिकल मन लावून केलं तर हातचे असतात ते मार्क.

चष्मेवाली
मग दोन्ही घ्या ना! चार विषय आहेत. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र घ्या, इतिहास तेवढा सोडा.

पेठेतला_अभ्यासू
इतिहास सोडा??? बारावीच्या पुस्तकात युरोपातल्या प्रबोधनापासून वसाहतवाद, मराठे, शीतयुद्धापर्यंत सगळं आहे, ते न वाचता राज्यशास्त्रातलं १९९१ नंतरचं जग कसं कळणार तिला? सोडायचंच तर राज्यशास्त्र सोडा, इतिहास नाही.